आधी कागद, मग कापड, शेवटी बंदूक: अमेरिकन क्रांतियुद्धाच्या रिइनॅक्टमेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतल्या मराठी घरांपासून क्रांतियुद्धाचं एखादं रणांगण फारसं लांब नसतं. प्रिन्स्टन, ट्रेंटन, मॉनमथ, मॉरिसटाउन ही नावं आपण रस्त्यावरच्या पाट्यांवर रोज वाचतो. २०२६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं २५०वं वर्ष. १७८३च्या पॅरिस तहाला अडीचशे वर्षं व्हायला २०३३ उजाडेल, म्हणजे पुढची बरीच वर्षं या युद्धाचे प्रसंग त्या काळच्या वेशात एकामागून एक पुन्हा उभे केले जाणार आहेत; यालाच रिइनॅक्टमेंट म्हणतात. ते बघायला गेलेल्या अनेकांना वाटतं, आपणही त्या तंबूंमध्ये बसावं, त्या रांगेत उभं राहावं. जरूर राहा. आपल्या लोकांनी यात यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

मात्र नवीन माणूस बहुतेक वेळा सुरुवात करतो ती निळा कोट आणि बंदूक मागवून, आणि तो क्रम उलटा आहे. आधी कागद वाचा, मग कपडे शिवा, बंदूक सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. उदाहरण शक्यतो एकच घेतो: २८ जून १७७८ची मॉनमथची लढाई.

पायरी १: एक दिवस आणि एक पलटण ठरवा

'क्रांतियुद्धाचा सैनिक' असा कोणी नसतो. एप्रिल १७७५मध्ये लेक्सिंग्टनला गोळीबार झाला आणि ऑक्टोबर १७८१मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रं ठेवली. मधल्या साडेसहा वर्षांत सैन्याचे कपडे, कवायत, शिधा, भरतीची मुदत, सगळं बदललं. म्हणून 'मला १७७६ करायचंय' हेसुद्धा पुरेसं नाही. त्या वर्षातला कुठला महिना, आणि कोणाची रेजिमेंट?

मॉनमथच्या बाबतीत हे किती महत्त्वाचं आहे बघा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या पायदळाला निळा कोट आणि त्यावर पिवळसर बफ रंगाचं फेसिंग (कॉलर, बाह्यांची टोकं आणि छातीवरच्या पट्ट्या), हा वॉशिंग्टनचा हुकूम २ ऑक्टोबर १७७९चा आहे. फ्रान्समधून आलेले निळे आणि तपकिरी कोट राज्याराज्यांत चिठ्ठ्या टाकून वाटले गेले ते १७७८च्या शरद ऋतूत. वॉशिंग्टनच्या सैन्याला कवायत शिकवणाऱ्या स्टूबेनचं पुस्तक छापून निघालं १७७९मध्ये. म्हणजे चित्रांतून डोळ्यांत बसलेला बफ फेसिंगचा तो सैनिक मॉनमथच्या मैदानावर उभा केला, तर निदान वर्षभराची चूक होते. त्या दिवशी उन्हाचा तडाखा असा होता की दोन्हीकडचे सैनिक नुसत्या उष्णतेने मेले. जाड लोकरी कोटाचा हट्ट धरण्याआधी हेही लक्षात असू द्या.

दिवस ठरला की शोधायला काय हवं ते आपोआप ठरतं.

पायरी २: पेन्शनच्या फायली उघडा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवायला सांगेन. वॉशिंग्टन शहरातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शन-अर्जांच्या, तसंच लढल्याबद्दल मिळणाऱ्या जमिनीच्या अर्जांच्या मिळून सुमारे ८०,००० फायली आहेत. मायक्रोफिल्मवर त्यांचा क्रमांक एम-८०४. आर्काइव्ह्जच्या ऑनलाइन सूचीत त्या फुकट बघता येतात, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसूनही हे काम करता येतं.

फाइलवरचं अक्षर आधी बघा. 'एस' म्हणजे अर्जदार स्वतः सैनिक, 'डब्ल्यू' म्हणजे विधवा, 'आर' म्हणजे नामंजूर. नामंजूर फाइल टाकून देऊ नका. पुरावा अपुरा पडला म्हणून माणसाने जास्त लिहिलेलं, जास्त साक्षीदार आणलेले असतात.

मग कुठल्या कायद्याखाली अर्ज केलाय ते बघा. १८१८च्या कायद्यात काँटिनेंटल सैन्यातली, म्हणजे काँग्रेसने उभारलेल्या नियमित फौजेतली, निदान नऊ महिन्यांची नोकरी आणि गरिबी, दोन्ही दाखवावं लागे. १८२०पासून मालमत्तेची यादीही जोडावी लागली. किती गायी, किती खुर्च्या, फुटकी किटली, कोणाचं किती देणं, हे सगळं त्यात सापडतं. १८३२च्या कायद्याने गरिबीची अट काढली, मुदत सहा महिन्यांवर आणली आणि मिलिशियातल्या, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या स्थानिक दलांतल्या, लोकांनाही दार उघडलं. त्या अर्जदारांना कोर्टात ठरावीक प्रश्न विचारले जात: जन्म कुठे आणि कधी, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, स्वखुशीने गेलात, नाव निघालं म्हणून गेलात की दुसऱ्याच्या बदली, कोणते अधिकारी आठवतात. म्हणून १८३२च्या फायली सगळ्यात बोलक्या आहेत. लिहिता न येणाऱ्या माणसाचं आयुष्य कारकुनाच्या अक्षरात का होईना, पण कागदावर उतरलंय.

सावधगिरी एकच. हे म्हातारे पन्नास वर्षांपूर्वीचं सांगतायत. तारखा सरकतात, सेनापतींची नावं एकमेकांत मिसळतात, आणि मधल्या काळात ऐकलेल्या गोष्टी आठवणीत शिरतात. दोन-तीन जणांच्या जबान्या शेजारी ठेवा. एकाच पलटणीतल्या पाच माणसांच्या फायली वाचल्यात, तर त्या पलटणीबद्दल तुम्हाला कुठल्याही ढोबळ पुस्तकापेक्षा जास्त माहिती असेल.

पायरी ३: त्याच दिवशी लिहिलेले कागद

आठवणीनंतर रोजचे कागद. पण आधी एक गोष्ट माहीत हवी: ८ नोव्हेंबर १८००ला अमेरिकन युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि क्रांतियुद्धाची बरीच मूळ दप्तरं जळाली. आज 'रेकॉर्ड ग्रुप ९३' म्हणून जे आहे ते नंतर ठिकठिकाणाहून गोळा केलेलं आणि विकत घेतलेलं आहे. हजेरीपट एम-२४६ या फिल्ममध्ये आहेत. प्रत्येक सैनिकाच्या नावाची कार्डं एम-८८१मध्ये मिळतात. कार्ड वाचायला सोपं असतं, पण ते शंभरेक वर्षांनंतर कारकुनाने हजेरीपटावरून उतरवलेलं आहे. नाव सापडलं की मूळ हजेरीपट उघडा. तिथे कळेल, त्या महिन्यात कंपनीत खरोखर किती माणसं उभी होती, किती आजारी, किती रजेवर, किती पळालेली. चाळीस माणसांच्या कंपनीत पंचवीसच हजर, असे महिने सापडतात, आणि तुमच्या रिइनॅक्टमेंटमधली तोकडी रांग मग खोटी वाटत नाही.

रोजच्या हुकमांसाठी 'फाउंडर्स ऑनलाइन' हे संकेतस्थळ पाठच करून ठेवा. नॅशनल आर्काइव्ह्ज आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २०१३मध्ये ते खुलं केलं. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जॉन ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन, जॉन जे यांचा पत्रव्यवहार त्यावर टिपांसह वाचता येतो, तोही फुकट. वॉशिंग्टनचे सैन्याला रोज निघणारे हुकूमही तिथेच. हुकमाच्या वर त्या दिवसाचा परवलीचा शब्द असतो. तुमच्या कार्यक्रमाच्या तारखेचा खरा परवलीचा शब्द काढून पहाऱ्यावर वापरा. प्रेक्षकांना, विशेषतः मुलांना, यातून पहारा म्हणजे काय ते लगेच कळतं.

तेव्हाच्या अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजाची नोंद आणि वॉशिंग्टनच्या कागदांची मूळ छायाचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. बॉस्टनच्या बाजूचा अभ्यास असेल तर मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, आणि जुनी वर्तमानपत्रं व छापील पत्रकं हवी असतील तर वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी.

पायरी ४: समोरच्या बाजूचे कागद

एकाच बाजूचे कागद वाचून लढाई कळत नाही. मॉनमथला समोर ब्रिटिश सेनापती सर हेन्री क्लिंटन होता. त्याचे कागद ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहेत, आणि १७७५च्या बॉस्टनसाठी लागणारे ब्रिटिश जनरल गेजचे कागदही तिथेच. ब्रिटिश पलटणींचे हजेरीपट लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ १२' या मालिकेत मिळतात. राजाशी एकनिष्ठ राहून घरदार गमावलेल्या लॉयलिस्ट लोकांचे भरपाईचे दावे 'एओ १२' आणि 'एओ १३'मध्ये. त्यांत भांडीकुंडी, कपडे, अवजारं, सगळ्याच्या किमती लिहिलेल्या असतात.

मराठी वाचकाने क्यूमधली आणखी एक मालिका ओळखून ठेवावी: 'पीआरओ ३०/११', म्हणजे कॉर्नवॉलिसचे कागद. मॉनमथला क्लिंटनच्या पिछाडीचं नेतृत्व करणारा हाच कॉर्नवॉलिस १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांच्या फौजेशेजारी त्याची फौज उभी होती. एकाच संग्रहात व्हर्जिनिया, कॅरोलिना आणि म्हैसूर. मॉनमथनंतर सहा-सात महिन्यांनी, जानेवारी १७७९मध्ये, वडगावला मराठ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला कोंडून तह करायला लावला. ब्रिटन तेव्हा जगभर कुठे कुठे ताणलं गेलं होतं हे अमेरिकन प्रेक्षकांना सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही सांगू शकता, आणि ते ऐकतात.

पायरी ५: वाचताना अडू नये म्हणून

हस्ताक्षराची आठवड्याभरात सवय होते. शब्दाच्या मधला 'एस' लांब काढलेला असतो, तो 'एफ' वाटतो. पत्रात महिन्याऐवजी 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे मागचा.

तारखांचा घोटाळा जास्त गंभीर. ब्रिटिश वसाहतींनी नवं कॅलेंडर १७५२मध्ये स्वीकारलं, आणि त्याआधी वर्ष २५ मार्चला सुरू होई. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१ आणि आज आपण मानतो तो २२ फेब्रुवारी १७३२, दोन्ही एकच दिवस. सैनिकांचे जन्म बरेचदा १७५२च्या आधीचे, म्हणून वय काढताना जपून.

पैशांचंही तसंच. 'सहा शिलिंग' म्हणजे किती, हे प्रांतावर ठरतं. एका स्पॅनिश डॉलरला मॅसॅच्युसेट्समध्ये ६ शिलिंग, पेन्सिल्व्हेनियात ७ शिलिंग ६ पेन्स, न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंग. प्रांत न बघता किमतींची तुलना केली तर सगळा हिशेब बिघडतो.

पायरी ६: कपडे

आता कापडाला हात लावा. आणि चित्रांपेक्षा जाहिरातींवर विश्वास ठेवा. पेन्सिल्व्हेनिया गॅझेट, व्हर्जिनिया गॅझेट अशा वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या नोकरांच्या, गुलामांच्या आणि सैनिकांच्या जाहिराती असत. माणूस ओळखू यावा म्हणून त्यांत अंगावरचा प्रत्येक कपडा लिहिलेला असतो: कोटाचा रंग, बटणं कशाची, ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची विजार) चामड्याची की कापडाची, गुडघ्याला ठिगळ आहे का, मोज्यांचा रंग, टोपी नवी की जुनी. या जाहिराती माणसाला पकडण्यासाठी लिहिल्या गेल्या, हे वाचताना विसरता येत नाही, विसरूही नये. पण साध्या माणसाच्या कपड्यांचा इतका तपशील दुसरीकडे क्वचितच मिळतो. आपल्या निवडलेल्या दिवसाच्या आगेमागे सहा महिन्यांतल्या, आपल्याच प्रांतातल्या वीस-पंचवीस जाहिराती वहीत उतरवा. काय नेहमीचं होतं आणि काय विरळ, ते तुम्हालाच दिसेल. मग विरळ गोष्टींचा मोह टाळा.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी बूट आणि लिननचा सदरा, मग ब्रीचेस आणि वेस्टकोट, मग टोपी, आणि कोट सगळ्यात शेवटी. बुटांवर पैसे वाचवू नका, दिवसभर उभं राहायचंय. सुरुवातीला लिननचा हंटिंग शर्ट, म्हणजे वरून घालायचा सैलसर सदरा, उत्तम: वॉशिंग्टननेच १७७६मध्ये सैन्याला त्याची शिफारस केली होती, तो स्वस्त पडतो, स्वतः शिवता येतो आणि जूनच्या उन्हात सोसवतो. चष्मा असेल तर त्या काळच्या घडणीची फ्रेम किंवा कॉन्टॅक्ट लेन्स.

कापड लिनन, लोकर, सुती किंवा रेशीमच हवं. यामागे अस्सलपणाइतकंच जिवाचं कारण आहे. चुलीची किंवा बंदुकीच्या दारूची ठिणगी लोकरीवर पडली तर ती सहजासहजी पेटत नाही. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

पायरी ७: युनिटमध्ये जा

एकट्याने काहीही विकत घ्यायच्या आधी एखाद्या युनिटच्या, म्हणजे रिइनॅक्टमेंट करणाऱ्या गटाच्या, छावणीत साध्या कपड्यांत जाऊन बसा. ब्रिगेड ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन आणि काँटिनेंटल लाइन या छत्रसंस्थांखाली अनेक युनिटं आहेत, ब्रिटिश बाजूसाठी ब्रिटिश ब्रिगेड. बहुतेक युनिटांकडे नवख्यांना द्यायला जास्तीचे कपडे आणि कधीकधी बंदूकही असते. एक मोसम उसन्या सामानावर काढा. विचारायचे प्रश्न सरळ आहेत: विमा आहे का, बंदूक हाताळायला शिकवतं कोण आणि किती वेळ, आणि तुमच्या कोटाचा रंग कुठल्या कागदावरून ठरवला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'आम्ही पहिल्यापासून हेच घालतो' असं आलं, तर दुसरं युनिटही बघून या.

पायरी ८: कवायत आणि ठासणीची बंदूक

मार्च १७७८पासून व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीत स्टूबेनने सैन्याला जी कवायत शिकवली, तिचं पुस्तक काँग्रेसने मार्च १७७९मध्ये मंजूर केलं. निळ्या पुठ्ठ्यामुळे त्याला 'ब्लू बुक' म्हणतात. पाऊल दोन फुटांचं. साध्या चालीत मिनिटाला सुमारे ७५, जलद चालीत १२० पावलं. घरात फुटपट्टी आणि घड्याळ घेऊन हे घोटता येतं, बंदूक लागत नाही. व्हॅली फोर्जच्या आधीचा काळ करायचा असेल तर १७६४ची ब्रिटिश कवायत अभ्यासा, अमेरिकन पलटणींतही ती चालत असे.

बंदुका मुख्यतः दोन: सुमारे पाऊण इंच नळीची ब्रिटिश 'ब्राउन बेस' आणि .६९ इंच नळीची फ्रेंच 'शार्लव्हिल'. आजची चांगली प्रतिकृती हजार डॉलरच्या पुढे जाते. दोन्हींची कळ उजव्या बाजूला, त्यामुळे डावखुऱ्यांनाही उजव्या खांद्यावरूनच उडवायला शिकावं लागतं.

पुढचे नियम मात्र शब्दशः पाळायचे. प्रात्यक्षिकात काडतुसात गोळी नसते, फक्त कागदात बांधलेली दारू. नळीत गज घालून ठासायचं नाही, कारण विसरलेला गज बाणासारखा सुटतो. रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूच्या, पात्राला पितळी आडोसा हवाच, नाहीतर शेजाऱ्याचा गाल आणि डोळा भाजतो. गारगोटी जिथे आपटते त्या पोलादी पात्यावर चामड्याची टोपी असावी. घोडा अर्धा चढवून चापाने बंदूक उचलली तरी घोडा पडता कामा नये, ही तपासणी प्रत्येक कार्यक्रमाआधी होते. नळीचं तोंड समोरच्यांच्या डोक्यांच्या वर, आणि बार उडाला नाही तर हुकमाशिवाय हालचाल नाही. अशी बंदूक (मस्केट) उडवायला बऱ्याच ठिकाणी निदान १६ वर्षांचं वय लागतं.

शिक्षण किंवा नोकरीच्या व्हिसावर असाल तर बंदूक घेण्याआधी वकिलाला विचाराच. संघराज्याचा कायदा अशा परदेशी नागरिकांना बंदूक बाळगण्यावर निर्बंध घालतो. गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बंदुका त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतात, पण राज्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. युनिटमधला मित्र 'काही होत नाही' म्हणाला एवढ्यावर जाऊ नका.

पायरी ९: बंदुकीशिवाय काय करायचं

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या रणांगणांवर दोन बाजूंनी एकमेकांवर बार उडवण्याची, पडून मेल्याचं सोंग करण्याची मनाई आहे. तिथे कवायत, छावणी आणि बंदुकीचं प्रात्यक्षिक चालतं. मला हा नियम योग्य वाटतो: जिथे माणसं खरोखर मेली तिथे मरण्याचं नाटक कशाला?

छावणीत कामं भरपूर आहेत. सेरा ऑस्बर्न ही नवऱ्याबरोबर सैन्यासोबत फिरली, कपडे धुतले, आणि यॉर्कटाउनच्या खंदकांत सैनिकांना मांस, भाकरी आणि कॉफी नेऊन दिली. तोफेच्या गोळ्यांची भीती वाटत नाही का, असं वॉशिंग्टनने विचारल्यावर, माणसांनी लढायचंही आणि उपाशीही राहायचं हे बरं नव्हे, असं उत्तर तिने दिलं होतं. हे तिने स्वतः १८३७मध्ये पेन्शनच्या जबानीत सांगितलंय. मॉनमथच्या 'मॉली पिचर'ची दंतकथा इथे सगळ्यांना ठाऊक असते: सैनिकांना पाणी देता देता नवऱ्याच्या जागी तोफेवर उभी राहिलेली बाई. त्या कथेमागची मानली जाणारी मेरी हेज हिला पेन्सिल्व्हेनियाने १८२२मध्ये वर्षाला ४० डॉलर मंजूर केले, ते 'केलेल्या सेवेबद्दल'. प्रेक्षकांना दोन्ही सांगा, दंतकथाही आणि कागदही, कुठलं कुठलं ते स्पष्ट करून.

आपल्या वर्णाचा माणूस तिथे शोभेल का, ही शंका मनात आणू नका. १७७८मध्ये नव्याने बांधलेल्या पहिल्या ऱ्होड आयलंड रेजिमेंटमध्ये गुलामीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय होते, ओनायडा या मूळ अमेरिकन जमातीचे लोक अमेरिकनांच्या बाजूने लढले, आणि ब्रिटिशांबरोबर न्यूयॉर्क सोडून गेलेल्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांची नावं १७८३च्या नोंदवहीत आहेत. हिंदुस्थानी माणूसही तिथे पोचलेला होता. १७६८च्या व्हर्जिनियातल्या एका जाहिरातीत टॉमस ग्रीनिच नावाच्या पळालेल्या 'ईस्ट इंडिया इंडियन'चं वर्णन आहे: ५ फूट ४ इंच, लांब काळे केस, पांढरेशुभ्र दात. त्याचं मूळ नाव, मूळ गाव काहीच उरलेलं नाही. असा माणूस उभा करायचा असेल तर त्याच्याबद्दल जेवढं लिहिलंय तेवढंच सांगा, उरलेलं भरून काढू नका.

पायरी १०: शिधा

४ नोव्हेंबर १७७५च्या काँग्रेसच्या ठरावात माणशी रोज १ पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस किंवा १ पौंड खारी मासळी, शिवाय १ पौंड भाकरी किंवा पीठ ठरलं होतं. आठवड्याला वाटाणे किंवा घेवडा, थोडा तांदूळ किंवा मक्याचं पीठही. मांस न खाणाऱ्यांनी पीठ, वाटाणे आणि भात यांवर निभवावं. ते अस्सलच आहे, कारण ठरलेला शिधा सैनिकांना पुष्कळदा मिळतच नसे.

हिवाळ्यात

थंडीत कार्यक्रम कमी होतात, तेव्हा फिलाडेल्फियाला जा. म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनमध्ये वॉशिंग्टनचा युद्धातला तंबू आहे. डेव्हिड लायब्ररीचा क्रांतियुद्धावरचा मोठा संग्रह आता अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे आहे. भारतात असाल किंवा घराबाहेर पडता येत नसेल, तर नॅशनल आर्काइव्ह्जच्या स्वयंसेवक-योजनेत नाव घालून पेन्शनच्या फायली टंकलिखित करायला घ्या. आपल्याच पलटणीतल्या एखाद्या माणसाची फाइल निवडा, जे दिसतं तेच टाइप करा, स्पेलिंग सुधारू नका, आणि लागलं नाही त्या शब्दाच्या जागी तिथल्या सूचनेप्रमाणे खूण ठेवून पुढच्या ओळीकडे जा.